हातातल्या यंत्रावरचे लिनक्स ही कोणाची मेहेरबानी नव्हे

१/
नोव्हेंबर २०२० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ५ बाजारात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र आले. दोन्हींच्या पोटात एएमडी कंपनीच्या एकाच पिढीचे तंत्र आहे: झेन २ घराण्याचा प्रोसेसर आणि आरडीएनए २ घराण्याचे ग्राफिक्स. तरीही पहिल्या यंत्रावर मालकाला सोनीच्या संमतीवाचून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येत नाही. दुसऱ्यावर लिनक्स, विंडोज, जे हवे ते बसवता येते. सिलिकॉन एकाच घरचे, मग हा फरक आला कुठून? #धागा #इतिहास

२/
हा फरक इतिहासाने घडवलेला आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर गेलेला जाणता माणूस एकाच राजाचे नाव घेऊन थांबत नाही. यादवांच्या काळाची खूण कोणती, चांद मिनार बहामनी अमदानीतला कसा, नंतरच्या सत्तांनी भर कुठे घातली, हे थर तो वेगवेगळे करून पाहतो. हातात मावणाऱ्या या संगणकाकडेही तसेच पाहायला हवे. माझे मत आरंभीच नोंदवतो: नव्या हँडहेल्ड पीसीवर लिनक्स चालते, ही कोणा एका कंपनीची कृपा नव्हे. तो चाळीस वर्षांत थराथराने साचलेला वारसा आहे. आणि वारसा न जपल्यास तो हातचा जातो, याचाही पुरावा याच इतिहासात आहे.

३/
पहिला थर 'पीसी' या दोन अक्षरांचा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. वेळ थोडा असल्यामुळे कंपनीने बहुतेक महत्त्वाचे भाग बाहेरून घेतले: प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. यंत्राची तांत्रिक माहितीही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. खास आयबीएमची अशी एकच कळीची वस्तू उरली, ती म्हणजे बायोस. यंत्र सुरू होताच प्रथम जागा होणारा आणि कळफलक, पडदा, डिस्क यांची प्रोसेसरशी गाठ घालून देणारा हा छोटा प्रोग्राम. त्याचा मजकूरही त्या पुस्तकात छापलेला होता. पण तो उतरवून घेणे म्हणजे कॉपीराइटचा भंग ठरला असता.

४/
ह्यूस्टनमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने यावर कायदेशीर तोड काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस कोणत्या हाकेला कोणते उत्तर देतो, एवढेच टिपून ठेवले. दुसऱ्या गटाने मूळ मजकूर डोळ्यांनीही न पाहता त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झालेला कॉम्पॅक पोर्टेबल असा जन्मला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने अशाच रीतीने लिहिलेला बायोस इतर उत्पादकांना विकायला काढला. तेव्हापासून 'पीसी' ही कोणा एका कंपनीची मालमत्ता राहिली नाही. गंमत अशी, की कॉम्पॅकचे ते यंत्रही उचलून नेण्यासाठीच होते, फक्त त्याचे वजन बारा किलोंहून अधिक होते. स्टीम डेक ६६९ ग्रॅमचे आहे.

५/
या घटनेतून एक संकेत रूढ झाला. पीसी बनवणारा एक, ऑपरेटिंग सिस्टीम देणारा दुसरा, आणि काय बसवायचे हे ठरवणारा तिसरा, म्हणजे मालक. असा संकेत गेम कन्सोलच्या जगात कधीच रुजला नाही. तेथे यंत्र, प्रणाली आणि दुकान या तिन्हींचा धनी एकच. पहिल्या पोस्टमधील कोड्याचे अर्धे उत्तर येथे मिळते: स्टीम डेक कन्सोलसारखे दिसते, पण वंशाने ते पीसी आहे.

६/
दुसरा थर मुक्त सॉफ्टवेअरचा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून पुढे जीपीएल हा परवाना आला: प्रोग्राम घ्या, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत वाटताना तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्या. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरव्हाल्ड्स, याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. १९९२ मध्ये त्याने आपले कर्नल जीपीएलखाली आणले. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. तो कारभारी आता कोणालाही विनामूल्य उपलब्ध होता. उणीव एकच राहिली, त्यावर खेळ नव्हते.

७/
ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयत्न फसला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने विंडोजवरील नामांकित खेळ रीतसर परवानगीने लिनक्ससाठी नव्याने बांधून विकले. ग्राहक थोडे, खर्च मोठा. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. पण तेथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मागे राहिली. पडदा, ध्वनी आणि खेळण्याची बटणे यांच्याशी निरनिराळ्या प्रणालींवर एकाच भाषेत बोलण्याची सोय ती करते. आजही असंख्य खेळ तिच्यावर उभे आहेत. कंपनी बुडाली तरी मुक्त परवान्याखाली दिलेले काम बुडाले नाही. हा प्रसंग लक्षात असू द्यावा.

८/
तिसरा थर, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, वाइनचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने उलटी वाट धरली. खेळ बदलायचा नाही, त्याच्याभोवतीचे जग बदलायचे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला सतत हाका मारत असतो: ही फाइल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज वाजव. वाइन त्याच नावांच्या हाकांना ओ देते आणि ती कामे लिनक्सकडून करून घेते. प्रोसेसरला द्यायच्या आज्ञा मात्र भाषांतराविना थेट धावतात. म्हणून तर 'वाइन हे इम्युलेटर नव्हे' असा खुलासा तिच्या नावातच दडलेला आहे. कॉम्पॅकने एका छोट्या बायोसबाबत जे केले, ते वाइनने अवघ्या विंडोजबाबत करायला घेतले.

९/
विंडोजमधील अशा हाका हजारोंनी आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे खरे वर्तन कागदोपत्री कुठेच नोंदलेले नाही. एखादा जुना खेळ मायक्रोसॉफ्टच्या चुकीवरच विसंबून असेल, तर ती चूकही जशीच्या तशी वठवावी लागते. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड यांनी या कामाची धुरा वाहिली. वाइनची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली जून २००८ मध्ये, म्हणजे आरंभापासून पंधरा वर्षांनी. एवढा काळ या प्रकल्पाची थट्टा होत राहिली, कारण आज चाललेला प्रोग्राम उद्या मोडे. इतिहासलेखनात लढाया नोंदल्या जातात. रसद पोहोचवणाऱ्यांची नावे बखरीत क्वचितच येतात. ही पंधरा वर्षे रसदीची होती.

१०/
अशा कामाला कायद्याचा आधार आहे का? अमेरिकी न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार आला. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की दुसऱ्याच्या यंत्राशी जुळवून घेण्यासाठी दुसरा मार्गच नसेल, तर त्याचा प्रोग्राम उकलून अभ्यासणे न्याय्य वापरात बसते. एप्रिल २०२१ मध्ये ओरॅकल विरुद्ध गूगल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने कौल दिला. तेथे वाद होता तो जावाच्या हाकांची नावे आणि रचना उचलण्याचा. या निर्णयांनी सगळे प्रश्न संपले असे नव्हे. पण जुळवून घेण्यासाठी केलेला अभ्यास आणि चोरी यांत भेद आहे, हे तत्त्व त्यांनी बळकट केले.

११/
आता एक छोटा पण निर्णायक प्रसंग. आरंभी वाइनचा परवाना फार मोकळा होता. कोणीही मजकूर घ्यावा, बदलावा आणि बदल स्वतःपाशी ठेवावेत. ट्रान्सगेमिंग या कंपनीने तेच केले. वाइनमध्ये खेळांसाठी सुधारणा करून आपले वेगळे उत्पादन विकायला काढले. त्यातील बराच भाग मूळ प्रकल्पाकडे परतला नाही. यावर खूप चर्चा होऊन मार्च २००२ मध्ये वाइनने एलजीपीएल परवाना स्वीकारला. यापुढे वाइन बदलून वाटणाऱ्याला ते बदल उघड करावे लागणार होते. याउलट उदाहरण सोनीचे. प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीवरून घडवलेली आहे; पण बीएसडी परवान्यात परतफेडीची अट नाही. पाया सार्वजनिक, वरचा वाडा मात्र बंद.

१२/
२०१२ पर्यंत हे सर्व काम हौशी आणि मोजक्या व्यावसायिकांपुरते होते. त्या वर्षी विंडोज ८ येऊ घातले होते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे सॉफ्टवेअर दुकान होते. व्हॉल्व्ह कंपनीचा सारा व्यवहार स्टीम या खेळांच्या दुकानावर चालतो, आणि ते दुकान विंडोजच्या अंगणात उभे होते. अंगणाच्या धन्यानेच दुकान थाटल्यावर भाडेकरूने काय करावे? व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल हे पूर्वी तेरा वर्षे मायक्रोसॉफ्टमध्येच होते. विंडोज ८ हे पीसीच्या क्षेत्रातील सर्वांवरचे अरिष्ट आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी जुलै २०१२ मध्ये जाहीरपणे काढले. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सवरील स्टीम आले. लिनक्सवर आलेले हे प्रेम व्यापारी भीतीतून जन्मले होते, आणि तसे म्हणण्यात काही वावगे नाही.

१३/
पहिली चढाई फसली. नोव्हेंबर २०१५ मध्ये निरनिराळ्या उत्पादकांची 'स्टीम मशीन' बाजारात आली. त्यांवर व्हॉल्व्हची लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस होती. पण खेळांच्या निर्मात्यांनी प्रत्येक खेळ लिनक्ससाठी वेगळा बांधावा, अशी ती अपेक्षा होती. लोकीला जे जमले नव्हते, ते आता सर्वांकडून आपखुशीने व्हावे, असा हा हिशेब. ग्राहक नाहीत म्हणून खेळ नाहीत, खेळ नाहीत म्हणून ग्राहक नाहीत. ती यंत्रे लवकरच विस्मृतीत गेली. यातून निघालेला धडा असा, की जगातील खेळ लिनक्सकडे येणार नसतील, तर लिनक्सनेच त्यांच्याकडे जायला हवे. ती वाट वाइनने १९९३ पासून पाडून ठेवली होती.

१४/
त्या वाटेवर एक मोठा दगड होता. विंडोजवरील खेळ ग्राफिक्ससाठी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडी भाषेत बोलतात, आणि तिचे भाषांतर संथ होत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रोनोस समूहाने व्हल्कन हे खुले मानक प्रसिद्ध केले. ते हार्डवेअरच्या अधिक जवळचे होते. 'नीअर: ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळता यावा, या इच्छेने फिलिप रेबोले या प्रोग्रामरने डायरेक्टथ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले. २०१८ च्या आरंभीच व्हॉल्व्हने त्याच्या कामाला वेतन देऊ केले. ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र बांधून व्हॉल्व्हने प्रोटॉन जाहीर केले. वाइनवर उपजीविका करणारी कोडवीव्हर्स ही कंपनी त्यात भागीदार होती. पहिल्या दिवशी अधिकृत मान्यता मिळाली अवघ्या २७ खेळांना.

१५/
यानंतरचे काम खोल कर्नलपर्यंत गेले. अनेक धाग्यांत चालणारा विंडोजचा खेळ एकाच वेळी अनेक संकेतांची वाट पाहतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याला नेमकी जुळणारी सोय नव्हती. जानेवारी २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत ती आली. तिचा आणखी नेमका अवतार, एनटीसिंक, मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत आला. एएमडीच्या ग्राफिक्ससाठी मेसा प्रकल्पातील खुला ड्रायव्हर सुधारत गेला. हे बदल स्टीम डेकपुरते राहिले नाहीत. ते मूळ प्रकल्पांत गेले, म्हणून पुण्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपलाही त्यांचा तितकाच लाभ होतो. डीएक्सव्हीकेचा आधार तर इंटेलने आपल्या विंडोजवरील ड्रायव्हरमध्ये डायरेक्टएक्स ९ च्या जुन्या खेळांसाठी घेतला.

१६/
मग स्टीम डेक आले: सात इंची पडदा, १६ जीबी मेमरी, आर्च लिनक्सवर बांधलेली स्टीमओएस, आणि एका बटणावर उघडणारा केडीई प्लाझ्माचा पूर्ण डेस्कटॉप. ते पहिले लिनक्स हँडहेल्ड मुळीच नव्हते. दक्षिण कोरियाचे जीपी२एक्स २००५ मध्ये आले होते आणि हौशी मंडळींनी घडवलेले पँडोरा २०१० मध्ये. ती यंत्रे रसिकांपुरती राहिली, कारण त्यांच्यामागे खेळांचे भांडार नव्हते. स्टीम डेकच्या मागे ते होते. भांडार आणि पैसा व्हॉल्व्हचा. पण त्याला लिनक्सपर्यंत आणणारा रस्ता पाव शतक आधीपासून लोक बांधत होते. 'व्हॉल्व्हने लिनक्सवर गेमिंग आणले' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. चांद मिनार पाहून देवगिरी बहामनींनी वसवली म्हणण्यासारखेच ते आहे.

१७/
भारतीय वाचकासाठी येथे कथेला वळण मिळते. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विक्रीस आले नाही. आसुसचे रॉग ॲलाय मात्र जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आले, पाठोपाठ लेनोव्होचे लीजन गोही आले. ही यंत्रे विंडोज ११ घेऊन आली. म्हणजे आपल्याकडे हँडहेल्डवरील लिनक्स खोक्यातून बाहेर पडत नाही, ते स्वतः बसवावे लागते. त्यासाठी फेडोरावर आधारलेले बॅझाइट आहे. लेनोव्होने मे २०२५ मध्ये काही देशांत लीजन गो एस थेट स्टीमओएससह विकायला काढले, आणि त्याच सुमारास व्हॉल्व्हने एएमडीच्या इतर हँडहेल्डसाठीही स्टीमओएसचा आधार वाढवला. लीजन गो एसच्या दोन्ही रूपांची तुलना करणाऱ्या अनेक परीक्षणांत लिनक्सचे रूप अधिक वेगवान आणि बॅटरीला हलके ठरले.

१८/
बसवण्याची कृती अवघड नाही, पण सावधपणे करावी. आधी खेळांतील प्रगतीची आणि फायलींची प्रत काढून ठेवावी. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असल्यास बिटलॉकरची किल्ली लिहून घ्यावी. पेनड्राइव्हवर प्रणाली घालावी, यूएसबी-सी हब आणि कळफलक जोडावा, आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण दाबून बायोसमध्ये शिरावे (ही जोडी रॉग ॲलायची, इतर यंत्रांवर बटणे निराळी असू शकतात), आणि पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे. स्टीमओएस आणि बॅझाइट दोन्हींत प्रणालीचा मूळ भाग सहसा बदलता येत नाही, आणि नवी आवृत्ती बिघडली तर जुनीकडे परतता येते. नवख्याला ही सोय मोठी आहे.

१९/
तरीही नवे यंत्र आले की पहिले काही महिने काहीतरी अडतेच. मागची जादा बटणे, पंख्याचा वेग, विजेची मर्यादा, झोपवलेले यंत्र नीट जागे होणे, यांची माहिती उत्पादक बहुधा फक्त आपल्या विंडोज प्रोग्रामपुरती ठेवतो. मग कोणीतरी स्वयंसेवक यंत्राशी होणारी ती देवघेव ऐकून, टिपून, नवा ड्रायव्हर लिहितो, आणि तो यथावकाश कर्नलमध्ये जातो. पद्धत ओळखीची वाटली असेल. १९८२ मध्ये कॉम्पॅकच्या पहिल्या गटाने केले ते हेच.

२०/
आता दरवाजे बंद कसे होतात ते पाहू. सोनी पूर्वी अशी नव्हती. २००२ मध्ये तिने अमेरिका आणि युरोपात प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच स्वतः विकला. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची सोय अधिकृत होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७०० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला, तो याच सोयीच्या बळावर. २००९ च्या सडपातळ आवृत्तीतून ही सोय वगळली गेली. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ या अपडेटने, सुरक्षेचे कारण देऊन, ती जुन्या यंत्रांतूनही काढली. अपडेट नाकारावे तर ऑनलाइन खेळणे बंद. लोकांनी पैसे मोजून घेतलेली गोष्ट त्यांच्या घरात असताना परत घेतली गेली.

२१/
पीसीच्या घरातही अशी पावले पडली आहेत. सिक्युअर बूट, म्हणजे मान्यताप्राप्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी तपासणी, विंडोज ८ बरोबर सर्वत्र आली. तिच्या पोटी सुरक्षेचा खरा हेतू आहे. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या पीसींवर ती मालकाला बंद करता आली पाहिजे, अशी अट घातली. पण एआरएम प्रोसेसरच्या विंडोज आरटी यंत्रांवर ती बंद करू देण्यास मनाई केली. विंडोज आरटी अपयशी ठरले, आणि ती चांगली यंत्रे दुसऱ्या प्रणालीचा अधिकृत मार्ग नसल्यामुळे निरुपयोगी होत गेली. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर पीसीवरील सक्तीही सैलावली. बंद करण्याची सोय ठेवावी की नाही, हे उत्पादकावर सोडले गेले. बहुतेकांनी ती ठेवली आहे. पण ती आता केवळ रिवाजावर टिकून आहे.

२२/
प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकायला हवे. पहिला आक्षेप: सगळे खेळ चालत नाहीत. खरे आहे. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट लिनक्सला दार उघडत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत होता. ऑक्टोबर २०२४ अखेर त्याने लिनक्सचा आधार काढून घेतला, फसवणूक रोखण्याचे कारण देऊन. मित्रांसोबत हेच खेळ खेळणाऱ्याने विंडोज ठेवावे, त्यात कमीपणा नाही. मात्र यातील अडसर वाइनच्या अपुरेपणाचा नाही. तो खेळाच्या मालकाने घेतलेला धोरणात्मक निर्णय आहे, आणि ग्राहकांची संख्या वाढली तर धोरणे बदलतात.

२३/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर: व्हॉल्व्ह तरी कुठे मुक्त आहे? स्टीमचा प्रोग्राम बंदिस्त आहे. ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीच्या वेळी स्टीम स्वतःच सांगते, की आपण विकत घेत आहात तो वापराचा परवाना. शिवाय लिनक्स म्हणजे आपोआप मोकळीक, असेही नाही. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच असते, तरी कित्येक फोन कुलूपबंद असतात. टिव्हो या रेकॉर्डरने तेच केल्यावर २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. पण लिनक्स कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. म्हणजे उद्या कोणी लिनक्सवरचे हँडहेल्ड कुलूप घालून विकले, तर परवाना त्याला अडवीलच असे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझी निष्ठा व्हॉल्व्हशी नाही, यंत्राच्या उघड्या दाराशी आहे.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाने याची फिकीर का करावी? कारण खेळ ही आता इतिहासाची साधने आहेत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. याउलट, विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिटी प्रोग्राम आजच्या ६४ बिटी विंडोजवर चालत नाहीत, पण वाइनच्या आधाराने ६४ बिटी लिनक्सवर त्यांतील पुष्कळ चालतात. मूळ मालकाने सोडून दिलेले वाङ्मय परक्या घरात जपले गेले. मोडी लिपी शिकवणाऱ्यांचे आपण ऋण मानतो ते कागद वाचता यावेत म्हणून. वाइन लिहिणाऱ्यांचे काम याच जातीचे आहे.

२५/
म्हणून निष्कर्ष असा. आपल्याजवळ असे यंत्र असेल तर त्यावर एकदा तरी लिनक्स चालवून पाहावे, आवडले नाही तर परत विंडोज घालावे. नवे घेणार असाल तर तीन गोष्टी आधी तपासाव्यात: सिक्युअर बूट बंद करता येते का, पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू होते का, आणि उत्पादक आपले ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये पाठवतो का. पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' असेल, तर ते यंत्र पीसी या नावाने विकले जात असले तरी वृत्तीने कन्सोल आहे, हे ओळखून किंमत द्यावी. प्लेस्टेशन ३ वरची सोय काढताना ती वापरणारे थोडेच होते, आणि थोड्यांचा हक्क काढून घेणे नेहमीच स्वस्त पडते. वापरणारे जितके वाढतील, तितके ते महाग होत जाईल.

२६/
ज्यांच्या यंत्रावर लिनक्स आधीच चालते आहे, त्यांना एक विनंती. कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, आणि कोणते बटण किंवा कोणता पंखा अद्याप साथ देत नाही, हे खाली उत्तरात लिहा आणि संबंधित प्रकल्पाकडेही कळवा. पुढचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला सुरुवात अशाच नोंदींपासून करावी लागते. #धागा_समाप्त